संगणन-सार्वभौमत्व

संगणन-सार्वभौमत्व : मोठी गणिते सोडवणारी यंत्रे, त्यांतल्या चिप, यंत्रांना जोडणाऱ्या केबल आणि त्यांत साठवलेली माहिती यांवर एखाद्या देशाचा स्वतःचा ताबा किती, हे सांगणारी संज्ञा. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ती आता परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत रोज ऐकू येते. पुण्याची या प्रश्नाशी गाठ पडली ती त्याच्या कितीतरी आधी.

१९८०च्या दशकात भारताने अमेरिकेकडे तिथल्या क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रांच्या कामी तो येईल, या शंकेने अमेरिकेने जास्त ताकदीचे यंत्र द्यायला नकार दिला. बऱ्याच वाटाघाटींनंतर क्रे एक्स-एमपी/१४ हे खालच्या क्षमतेचे यंत्र मिळाले, तेही फक्त हवामानाच्या अंदाजासाठी आणि देखरेखीच्या अटींवर. ते दिल्लीत बसले. मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्याकडे त्याची सूत्रे आली. हाताशी सुमारे ३० कोटी रुपये आणि तीन वर्षे होती. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळणार नसेल, तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे. एका मोठ्या गणिताचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा आणि उत्तरे वेळेवर एकमेकांपर्यंत पोचवायची. हे पोचवणे सगळ्यात कठीण. एक प्रोसेसर रेंगाळला की बाकीचे नुसते थांबून राहतात. सी-डॅकच्या अभियंत्यांची खरी कमाई या जोडणीत आणि त्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होती. यंत्रातले ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येतील असे घडवलेले प्रोसेसर, मात्र इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे, खुल्या बाजारात मिळणारे. परमची गोष्ट अभिमानाने सांगताना हा तपशील बहुधा गाळला जातो. तो गाळू नये, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातच आहे.

अडवणुकीची जागा आता यंत्रावरून चिपवर आली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणाऱ्या प्रगत चिप आणि त्या बनवण्याची साधने चीनला विकण्यावर निर्बंध घातले. अशा बहुतेक चिप तैवानमधील टीएसएमसी बनवते. त्यांवरची सर्वांत सूक्ष्म नक्षी छापणारी यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी तयार करते. त्यामुळे दोन-तीन देशांनी ठरवले तर दुसऱ्या एखाद्या देशाचे दार बंद होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जगाची तीन गटांत विभागणी करून चिपवाटपाचा नियम जाहीर केला. त्यात निकटच्या मित्रदेशांच्या पहिल्या गटात भारत नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला, पण मैत्री आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेवढ्या काळात दिसून आले.

केबलचे दुखणे जुने आहे. खंडांमधली बहुतांश माहिती समुद्रतळावरच्या केबलमधून जाते. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात काही केबल तुटल्या आणि आशिया-युरोप वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली.

सॉफ्टवेअर तर दुरूनही बंद करता येते. युरोपीय महासंघाच्या रशियाविरोधी निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या रशियन भागीदारी असलेल्या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या काही दिवसांत पूर्ववत झाल्या. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकी कंपनीची, अडचण भारतातल्या कर्मचाऱ्यांची. माहिती आपल्या भूमीवर ठेवली की काम झाले, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळून पाहावे.

पुण्यात आज या क्षेत्रातली मोठी यंत्रे एकवटली आहेत. परम सिद्धी-एआय हा सी-डॅकचा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता, तर ऐरावत २०२३ मध्ये ७५ वा. दोन्हींचा जीव एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या चिपमध्ये. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ पासून अर्क हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक आहे (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार लाख कोटी गणिते). त्यावर चालणारी भारत फोरकास्ट सिस्टम मे २०२५ मध्ये सुरू झाली. पूर्वी अंदाजाच्या जाळीचा एक चौकोन १२ किलोमीटरचा होता, आता तो ६ किलोमीटरचा आहे. हा फरक पुणेकराला चटकन कळतो. ताम्हिणीत पाऊस कोसळत असताना हडपसरचा रस्ता कोरडा असू शकतो. चौकोन मोठा असला की घाटातला धुवाधार पाऊस आणि शेजारच्या पठारावरची रिमझिम एकाच सरासरीत मिसळतात. २५ जुलै २०२४ ला मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या घरांत शिरले. खडकवासल्याच्या वर किती पाऊस पडणार, हे काही तास आधी कळण्याचे मोल तिथल्या माणसांना सांगावे लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वी 'निरुपद्रवी' म्हणून परवानगी मिळालेले हवामानाचे गणित लोकांच्या जिवाशी इतके जोडलेले आहे.

भारताची दुसरी वाट डिजिटल सार्वजनिक सुविधांची. जून २०२३ मध्ये जी-२० च्या डिजिटल अर्थव्यवस्था गटाची बैठक पुण्यात झाली आणि आधार, यूपीआयसारख्या व्यवस्था इतर देशांपुढे मांडल्या गेल्या. कर्जाऐवजी सॉफ्टवेअरमधून मैत्री जोडण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडियाएआय मिशनसाठी १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यातला मोठा वाटा संशोधकांना आणि नव्या उद्योगांना स्वस्तात संगणन मिळावे यासाठी आहे. परम रुद्र या नव्या मालिकेतले सर्व्हर सी-डॅकने आखले, ते भारतात तयार झाले. नारायणगावजवळच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) कामाला त्यांतला एक महासंगणक लागला आहे. त्याचे प्रोसेसर इंटेलचे आहेत. ती जागा घेण्यासाठी सी-डॅक 'औम' नावाचा प्रोसेसर आखत आहे. त्याचा गाभा ब्रिटनच्या आर्म कंपनीचा, आणि चिप घडवण्याचे काम तैवानकडे सोपवण्याचे ठरले आहे.