सरकारी बांधकामावरील मजुरीचे नियम (सोलापूर)

रस्ते, पूल, शाळा, जलवाहिन्या अशा सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामांवर राबणाऱ्या मजुराला ठरवून दिलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देता येऊ नये, यासाठी असलेल्या कायदेशीर तरतुदी. अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार संघराज्य सरकारच्या २,००० डॉलरवरील बांधकामांवर त्या भागात त्या कसबाला चालू असलेला दर द्यावा लागतो आणि ठेकेदाराला दर आठवड्याचा पगारपट प्रमाणित करून सादर करावा लागतो. भारतात असा कसबवार स्थानिक दर काढला जात नाही. येथे आधार आहे तो किमान वेतनाचा: आधी १९४८ चा किमान वेतन कायदा आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९.

दर कोणता लागू, हे काम कोणाचे आहे यावरून ठरते. महापालिका, जिल्हा परिषद किंवा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामाला राज्याचे दर लागतात. ते परिमंडळ (मजुरीच्या दरांसाठी पाडलेले राज्यातील भाग) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गवारीनुसार असतात व त्यांतला विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार बदलणारी रक्कम, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचे काम मात्र केंद्राच्या अखत्यारीत येते. तेथील महागाई भत्ता एप्रिल व ऑक्टोबरमध्ये बदलतो. म्हणजे स्टेशनाच्या आवारात फरशी बसवणारा गवंडी आणि बाहेर महापालिकेच्या गटारीचे काम करणारा गवंडी यांचे कायदेशीर दर वेगवेगळे असू शकतात. मजुराला हे कोणी सांगत नाही. कामाच्या फलकावर योजनेचे नाव, रक्कम आणि मुदत असते. त्याच फलकावर त्या दिवशीची मजुरी मोठ्या अक्षरांत लिहिणे अजिबात अवघड नाही.

खरी गोम निविदेत आहे. अंदाजपत्रक दरसूचीवरून, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीवरून, तयार होते आणि त्या दरात मजुरी धरलेली असते. पुढे निविदा ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, जाते. सिमेंट आणि सळई बाजारभावानेच घ्यावी लागते, डिझेलला सवलत नसते. मग तूट भरून काढायला उरते ती मजुरी. फारच कमी दराच्या निविदेवर जादा सुरक्षा अनामत घेतली जाते, पण ती काम पूर्ण व्हावे म्हणून. मजुराचा पगार त्यातून सुरक्षित होत नाही.

ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम. सेंट्रिंग चौरस फुटावर आणि सळईचे काम टनावर उक्ते दिले जाते आणि दिवसाची हजेरी कागदावरून नाहीशी होते. उक्त्या कामातही दिवसाचा हिशेब किमान दराखाली जाता कामा नये, असे कायदा सांगतो. बाईमाणसाला गड्यापेक्षा कमी हजेरी देण्याची रीतही बेकायदाच आहे. किमान दरात स्त्री-पुरुष असा भेद नाही.

या साखळीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नेमके बोट ठेवले. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेच्या बांधकामांवर किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती. मजूर आणून देणारे जमादार रोज रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी आहे आणि काम ठेक्याने दिले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, असा तो निर्णय. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या दुष्काळी कामांबाबतही न्यायालयाने तेच तत्त्व लावले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या सोलापूर जिल्ह्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात यासाठी एक फार चांगली तरतूद होती: ठेकेदार पगार वाटत असताना मुख्य मालकाचा, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयाचा, प्रतिनिधी समोर हजर असावा आणि त्याने वाटप झाल्याचे नोंदवहीत सहीनिशी प्रमाणित करावे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत पगार बँकेतून देण्यावर भर आहे. ठेकेदाराने थकवला तर मुख्य मालकाने तो द्यावा आणि ठेकेदाराकडून वसूल करावा, हा नियम दोन्हींत आहे. म्हणूनच अभियंत्याने चालू देयक (काम सुरू असताना निघणारे बिल) मंजूर करताना झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेइतक्याच काटेकोरपणे पगाराच्या बँक नोंदी तपासल्या पाहिजेत. देयक एकदा निघाले की ठेकेदाराला अडवायला हाती फारसे काही उरत नाही.

बांधकाम खर्चाच्या एक टक्का कापला जाणारा उपकर हा मजुरीचा भाग नव्हे, तरी तसा समज आढळतो. तो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेला, १८ ते ६० वयाचा कामगार तेथे नोंदणी करू शकतो.

कमी मजुरीचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे; वेतन संहितेने ही मुदत तीन वर्षे केली आहे. फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. राज्याच्या अखत्यारीतील कामासाठी सोलापुरातील सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते, केंद्राच्या कामासाठी केंद्रीय कामगार यंत्रणेकडे. जाताना हजेरीची वही, मुकादमाने दिलेल्या उचलीच्या चिठ्ठ्या, बँक पासबुक आणि कामाच्या फलकाचा फोटो जवळ असावा.