लाल पानांचं झाड उपाशी नसतं

‘लाल-जांभळ्या पानांत हरितद्रव्य नसतं, ती झाडं ऑक्सिजन देत नाहीत’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पान बघून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण हिरवा रंग तिथे असतोच, फक्त झाकलेला.

घरीच पाहा. बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून लाल माठाची जुडी आणा, चार पानं उकळत्या पाण्यात टाका. पाणी लालगुलाबी होतं, कारण माठातलं तांबडं रंगद्रव्य पाण्यात विरघळतं. हरितद्रव्य विरघळत नाही. पान हळूहळू हिरवट दिसू लागतं. किती सुंदर दिसतं ते! प्रकाश पकडायचं मुख्य काम हेच हरितद्रव्य करतं.

ऑक्सिजन न सोडता प्रकाशावर जगणारे जांभळे जीवाणू खरोखर आहेत. त्यांचं हरितद्रव्य निराळं, आणि हे जीवाणू पाण्याचं विघटन करत नाहीत, म्हणून ऑक्सिजन सुटत नाही. कुंडीतल्या लाल पानाचं तसं नाही.