ट्रेलर घेऊन मेक्सिकोत जाताना: वाहन परवाना, पात्रता, कागदपत्रे आणि नाक्याची निवड

टेक्सास, अॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियात राहणारी काही मराठी कुटुंबे पिकअपच्या मागे मुक्कामाचा ट्रेलर जोडून राष्ट्रीय उद्याने पाहायला जातात, आणि हाच ट्रेलर मेक्सिकोत नेता येईल का, हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडतोच. नेता येतो. मात्र आधी नकाशावर मार्ग आखायचा आणि कागदपत्रे नंतर गोळा करायची, हा क्रम येथे चालत नाही. वाहनाचा परवाना कोणत्या नाक्यावर मिळतो, तेथे लांब गाडी उभी करता येते का आणि परतताना त्याच परवान्याची नोंद कोठे रद्द करायची, हे आधी ठरवावे लागते आणि मार्ग त्यानंतर ठरतो.

सर्वप्रथम परवाना लागतो की नाही, ते पाहावे. सीमेलगतच्या सुमारे २० किलोमीटरच्या पट्ट्यात, संपूर्ण बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात आणि सोनोरा राज्याच्या वायव्य भागात परदेशी वाहनाला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागत नाही. म्हणून सॅन दिएगोहून ला पासपर्यंत जाणाऱ्याला किंवा ल्यूकव्हिल–सोनोइता नाक्यावरून पुएर्तो पेन्यास्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्याला वाहनाच्या कागदांची फारशी चिंता नसते. या हद्दीबाहेर, म्हणजे मोंतेरे, सान लुइस पोतोसी, ग्वादालाहारा किंवा मसात्लानकडे जायचे असेल, तर परवाना बंधनकारक आहे. त्याशिवाय पुढे गेलेले वाहन सीमाशुल्क खाते जप्त करू शकते. बाहातून फेरीबोटीने मसात्लानला उतरण्याचा बेत असेल, तर बोटीवर चढण्यापूर्वीच परवाना हवा, ही गोष्ट पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते.

आता प्रवाशाच्या पात्रतेकडे वळू, कारण वाहनाच्या परवान्याची मुदत प्रवाशाच्या परवानगीशी बांधलेली असते. भारतीय पारपत्रधारकाला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण ज्याच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे, त्याला तो स्वतंत्रपणे काढावा लागत नाही. एच-१बीवर काम करणाऱ्यांची अडचण येथेच होते. अमेरिकेत राहण्याची मुदत आय-७९७ या मंजुरीपत्राने वाढलेली असते, परंतु पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला असतो. मेक्सिको ते मंजुरीपत्र व्हिसा म्हणून ग्राह्य धरत नाही, त्यामुळे अशा व्यक्तीने आपल्या शहराजवळच्या मेक्सिकन वाणिज्य दूतावासातून आधी व्हिसा घ्यावा. उलट दिशेने मात्र अमेरिकेचा नियम थोडा सैल आहे. मेक्सिकोतील मुक्काम ३० दिवसांपेक्षा अधिक नसेल आणि आय-९४ ही अमेरिकेतील प्रवेशाची नोंद वैध असेल, तर संपलेल्या शिक्क्यावरही परत प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी आय-९४ची छापील प्रत आणि आय-७९७ जवळ ठेवावे. याच सहलीत तेथील अमेरिकी दूतावासात नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत उरत नाही, म्हणून दोन्ही कामे एकाच सहलीत उरकण्याचा मोह टाळावा हे बरे.

सीमेवर प्रत्येक प्रवाशाला पर्यटक म्हणून प्रवेशपत्र घ्यावे लागते. त्याला तेथे एफएमएम म्हणतात. जमिनीवरून सात दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी त्याचे शुल्क नसते, त्याहून अधिक दिवसांसाठी ते भरावे लागते, आणि मुक्कामाची कमाल मर्यादा १८० दिवसांची आहे. अधिकारी किती दिवस लिहितो, त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, कारण वाहनाचा परवाना तेवढ्याच दिवसांचा निघतो. शुल्क वाचवण्यासाठी सात दिवसांचे पत्र घेतले, तर पिकअपही सात दिवसांत बाहेर आणावा लागेल. शिवाय सान इसिद्रोसारख्या नाक्यांवर कोणी अडवलेच नाही, तर वाहन सरळ शहरात शिरते आणि प्रवेशपत्र राहून जाते. ते आपणहून थांबून, कार्यालयात जाऊन घ्यावे लागते, आणि मागे ट्रेलर असताना थांबायचे कोठे, हाच खरा प्रश्न असतो.

वाहनाचा परवाना बान्हेर्सितो ही मेक्सिकन सैन्यदलांची बँक सीमाशुल्क खात्याच्या वतीने देते. अर्ज सीमेवरील तिच्या खिडकीवर करता येतो, तसेच प्रवासाच्या काही दिवस आधी बँकेच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. अर्जदार परदेशी पर्यटक किंवा मेक्सिकोचा तात्पुरता रहिवासी असावा. तेथील कायम रहिवासाचे कार्ड घेतलेल्या परदेशी व्यक्तीला हा परवाना मिळत नाही. वाहन अर्जदाराच्या नावावर हवे, आणि एका व्यक्तीच्या नावावर एकाच वेळी एकाच गाडीचा परवाना असू शकतो. पूर्वीच्या सहलीतील परवाना रद्द न करता कोणी परतला असेल, तर त्याचा नवा अर्ज तेथेच अडतो.

ट्रेलरच्या बाबतीत नियम दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांची गल्लत बऱ्याचदा होते. ज्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय आहे, असा मुक्कामाचा ट्रेलर, फिफ्थ व्हील (पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा मोठा ट्रेलर) किंवा मोटरहोम ‘कासा रोदान्ते’ म्हणजे फिरते घर या वर्गात मोडते आणि त्याला दहा वर्षांपर्यंतचा स्वतंत्र परवाना मिळू शकतो. सामान, बोट किंवा मोटरसायकली वाहून नेणारा ट्रेलर मात्र ओढणाऱ्या गाडीच्याच परवान्यावर नोंदवला जातो आणि तिच्याबरोबरच बाहेर यावा लागतो. याचा परिणाम असा, की हिवाळाभर तिकडे राहणारी मंडळी मुक्कामाचा ट्रेलर मेक्सिकोत ठेवून येऊ शकतात, पण पिकअप त्यांना मुदतीत परत आणावाच लागतो. खिडकीवरील कर्मचाऱ्याने दोन्ही वाहने एकाच कागदावर घातली, तर तेथेच दुरुस्ती करून मागावी.

मोठ्या ट्रेलरवाल्यांना आणखी एक अडचण येते ती ओढणाऱ्या गाडीच्या वजनाची. पर्यटकाच्या परवान्यासाठी वाहनाची मर्यादा ३.५ टन, म्हणजे सुमारे ७,७१६ पाउंड आहे. जड फिफ्थ व्हील ओढणारे एक टनी वर्गातले पिकअप, विशेषतः मागे दुहेरी चाके असलेले, दाराच्या चौकटीवरील पाटीनुसार या आकड्याच्या पुढे जातात. अशा वेळी ते व्यापारी वाहन नसून फिरते घर ओढण्यासाठी आहे, हे दाखवावे लागते. नाक्यावर पोहोचून वाद घालण्यापेक्षा निघण्यापूर्वी मेक्सिकन दूतावासात लेखी चौकशी करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण नाक्यावर नकार मिळाला तर लांब गाडी तेथून वळवून परत अमेरिकेच्या रांगेत लावावी लागते.

अर्जाबरोबर मूळ प्रती आणि छायाप्रती दोन्ही न्याव्यात. पारपत्र, एफएमएम, वाहनचालक परवाना, पिकअप व ट्रेलर यांची स्वतंत्र टायटल (मालकीपत्रे) किंवा चालू नोंदणीपत्रे, आणि अर्जदाराच्याच नावाचे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड ही मुख्य कागदपत्रे होत. वाहन कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे संमतिपत्र, आणि कंपनीच्या नावावर असेल तर अर्जदार तेथे नोकरीला असल्याचे पत्र जोडावे. अमेरिकेच्या काही राज्यांत हलक्या ट्रेलरला टायटल दिलेच जात नाही. तेथील मालकांनी नोंदणीपत्रावर चॅसी क्रमांक स्पष्ट छापलेला आहे ना, हे घरीच पाहावे. ट्रेलरच्या चौकटीवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एका अक्षरानेही वेगळा असेल, ‘ओ’च्या जागी शून्य पडले असेल, तरी काम थांबते. वर्षानुवर्षे चिखल आणि गंज बसलेली ती पाटी निघण्यापूर्वी घासून तिचे छायाचित्र काढून ठेवावे.

परवान्याच्या शुल्काव्यतिरिक्त ओढणाऱ्या गाडीसाठी परतावा मिळणारी अनामत रक्कम भरावी लागते. वाहन २००७ किंवा त्यानंतरच्या सालाचे असेल तर ४०० डॉलर, २००१ ते २००६ मधले असेल तर ३०० डॉलर आणि २००० किंवा त्याआधीचे असेल तर २०० डॉलर असा हिशेब आहे. पैसे भरल्यावर कागद आणि समोरच्या काचेवर लावण्याचा होलोग्राम मिळतो.

अमेरिकेतील वाहन विम्यावर मेक्सिकोत विसंबून राहता येत नाही. संघीय महामार्गांवर मेक्सिकन कंपनीचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि तो निघण्यापूर्वी ऑनलाइन घेता येतो. पॉलिसीत ट्रेलरचा स्वतंत्र उल्लेख नसेल, तर ट्रेलर जोडलेला असताना झालेल्या अपघातात पिकअपचाही दावा नाकारला जाऊ शकतो. सामानात बंदूक तर नकोच, पण जुन्या शिकारीच्या पिशवीत राहिलेली एखादी गोळीसुद्धा तेथे गंभीर गुन्हा ठरते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, त्याही घरीच ठेवाव्यात.

आता नाक्याची निवड. टेक्सासमधून जाणाऱ्यांसाठी नुएवो लारेदो हा सरळ रस्ता दिसतो, परंतु शहरातल्या पुलांवरची गर्दी आणि तामाउलिपास राज्याविषयीची अमेरिकी सरकारची प्रवास न करण्याची सूचना लक्षात घेता, लारेदोच्या वायव्येला असलेला कोलंबिया सॉलिडॅरिटी पूल ट्रेलरसाठी अधिक सोयीचा आहे. नुएवो लेओन राज्याचा टेक्सासशी जोडणारा हा एकच पूल असून तेथे परवान्याची खिडकीही आहे. मात्र तो चोवीस तास उघडा नसतो, म्हणून वेळ आधी पाहून सकाळी पोहोचावे. अॅरिझोनातून जाणाऱ्यांनी नोगालेसच्या जुन्या शहरातून न जाता मारिपोसा नाका घ्यावा. तेथे परवाना सीमेवर नव्हे, तर दक्षिणेला २१व्या किलोमीटरवर मिळतो आणि गाडी लावायला जागाही असते. एल पासोच्या बाजूने आल्यास सांता तेरेसा नाक्यावरून सिउदाद ह्वारेस शहर टाळता येते. बाहात जाताना तिहुआनाऐवजी मेहिकालीचा पूर्वेकडचा नाका निवडल्यास अरुंद रस्ते आणि चुकलेली वळणे बरीच टळतात.

पुढील मार्ग आखताना दोन पाट्या ओळखता आल्या की निम्मे काम झाले. ‘कुओता’ म्हणजे टोलचा रस्ता आणि ‘लिब्रामिएंतो’ म्हणजे शहराबाहेरून जाणारा वळणरस्ता. टोल आसांच्या संख्येवर आकारला जातो, त्यामुळे दोन आसांचा पिकअप आणि तीन आसांचा ट्रेलर यांचे मिळून पाच आस मोजले जातात आणि खर्च अंदाजापेक्षा बराच वाढतो. तरीही ट्रेलरसाठी टोलचाच रस्ता घ्यावा. विनाटोल रस्ते गावागावांतून जातात आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी ‘तोपे’ नावाचे उंच गतिरोधक असतात, ज्यांवर ट्रेलरचा मागचा भाग घासतो. ग्वानाह्वातोसारख्या शहरात वाहतुकीचा मोठा भाग जुन्या भुयारांतून जातो. तेथे ट्रेलर बाहेरच्या तळावर ठेवून बसने जावे. बाहातला संघीय महामार्ग १ अनेक ठिकाणी अरुंद असून त्याला कडेची पट्टी नाही, आणि एल रोसारिओच्या पुढे सुमारे ३०० किलोमीटर खात्रीचा पेट्रोलपंप नाही, म्हणून तेथे टाकी पूर्ण भरावी. रात्री कोठेच चालवू नये. वाटेत बिघाड झाल्यास ०७८ या क्रमांकावर ‘आंहेलेस वेर्देस’ ही पर्यटन खात्याची मदतसेवा बोलावता येते.

परतताना पिकअपचा परवाना रद्द करून घेणे हे कामाचे शेवटचे पण विसरले जाणारे टोक आहे. मुदत संपण्यापूर्वी सीमेवरील बान्हेर्सितोच्या खिडकीवर गाडी न्यावी, होलोग्राम तेथील कर्मचाऱ्याला काढू द्यावा आणि रद्द झाल्याची पावती घ्यावी. होलोग्राम आपण स्वतः सोलून काढू नये. अनामत रक्कम ज्या पद्धतीने भरली त्याच पद्धतीने परत येते, म्हणजे कार्डावर भरली असल्यास कार्डावर. परवाना ज्या नाक्यावर काढला, तेथेच रद्द करावा लागतो असे नाही. मात्र परतीच्या नाक्यावर खिडकी आहे का, ती त्या वेळी उघडी असते का आणि अमेरिकेच्या रांगेत शिरण्यापूर्वी ट्रेलरसह तिच्यापर्यंत पोहोचता येते का, हे पाहूनच परतीचा नाका नक्की करावा. एकदा रांगेत शिरल्यावर मागे वळता येत नाही, आणि मुदत उलटली तर अनामत रक्कम मेक्सिकोच्या तिजोरीत जमा होते. पावतीची प्रत पुढच्या अर्जापर्यंत जपून ठेवावी.