चिलर, औद्योगिक

कारखान्यातील प्रक्रियेत निर्माण होणारी उष्णता काढून नेण्यासाठी पाणी, ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारे द्रव्य) मिसळलेले पाणी किंवा ब्राइन (मिठाचे पाणी) ठरावीक तापमानापर्यंत थंड करून सतत फिरवत ठेवणारे संयंत्र. त्याला मराठीत शीतजल संयंत्र म्हणता येते, पण कारखान्यात चिलर हाच शब्द चालतो. काही लेखनात या यंत्रालाच ‘प्रशीतक’ म्हटलेले आढळते. ते टाळणे बरे, कारण परिभाषेत प्रशीतक म्हणजे यंत्राच्या आत फिरणारे द्रव्य, ज्याला मेकॅनिक नुसते ‘गॅस’ म्हणतात. प्लास्टिकचे साचे, दुग्धालये, औषधनिर्मितीतील रिअ‍ॅक्टर, लेसर कटिंग, अ‍ॅनोडायझिंगच्या टाक्या अशा अनेक ठिकाणी चिलर लागतो. इमारतींच्या वातानुकूलनातील चिलरचा विचार येथे केलेला नाही.

इतिहास : बाष्पीभवनाने थंडी निर्माण करण्याचा विल्यम कलेन यांचा प्रयोग बहुधा 1748 सालचा सांगितला जातो, मात्र त्यांचा त्यावरील निबंध 1756 मध्ये छापला गेला आणि प्रयोगही त्याच्या आसपासचा असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ऑलिव्हर एव्हान्स यांनी 1805 मध्ये बंद चक्राची, म्हणजे तेच द्रव्य पुन्हा पुन्हा वाफ करून व दाबून द्रवरूप करण्याची, कल्पना मांडली आणि जेकब पर्किन्स यांनी 1834 मध्ये तिचे पेटंट घेतले. तथापि या यंत्राचा कारखान्यात पहिला उपयोग कोठे झाला, याबद्दल एकमत नाही. ऑस्ट्रेलियातील जीलाँगचे जेम्स हॅरिसन यांचे ईथरवर चालणारे यंत्र बेंडिगो येथील मद्यभट्टीत बसले, असे बहुतेक संदर्भ सांगतात. त्यासाठी काही ठिकाणी 1851 हे साल दिलेले असते. पण हॅरिसन यांची पेटंटे 1850 च्या दशकाच्या मध्यावरची असल्याने घटना त्यानंतरची धरावी लागते. दुसरा दाखला स्कॉटलंडमधील बाथगेटचा आहे. तेथे 1861 च्या सुमारास शेल (तेलयुक्त खडक) पासून काढलेले तेल थंड करून पॅराफिन मेण वेगळे काढण्यासाठी हॅरिसन यांचेच यंत्र वापरले गेले. ईथर ज्वालाग्राही असल्याने तेथील अलेक्झांडर कर्क यांनी पुढे हवेवर चालणारे यंत्र तयार केले. बिअर काय किंवा मेण काय, दोन्हीकडे माल बर्फात ठेवायचा नसून प्रक्रियेतील द्रवच थंड करायचा होता, म्हणून या यंत्रांना आजच्या चिलरचे पूर्वज म्हणता येते. कार्ल फोन लिंडे यांचे अमोनियाचे यंत्र 1876 मधील, तर विलिस कॅरियर यांचे अपकेंद्री (वेगाने फिरणाऱ्या चाकाने वायू दाबणारे) यंत्र 1922 मधील.

टन हे एकक : चिलरची क्षमता टनात सांगतात आणि निवडीतील निम्मे घोटाळे येथूनच सुरू होतात. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा आहे. 0° से. तापमानाचा 2,000 पौंडांचा, म्हणजे अमेरिकी लघु टनाचा, बर्फ 24 तासांत वितळण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. हे माप आले बर्फाच्या व्यापारातून. त्याच व्यापारातला बॉस्टनचा बर्फ 1833 मध्ये जहाजाने कलकत्त्यास उतरला आणि लवकरच मुंबईकरांनाही मिळू लागला.

आरंभी यंत्रे बनवणाऱ्यांत दोन पद्धती होत्या. काही जण यंत्र दिवसाला किती बर्फ ‘तयार करते’ ते सांगत, तर काही जण किती बर्फ वितळल्याइतके काम करते ते. नळाचे पाणी आधी 0° से. पर्यंत आणावे लागते आणि वाटेत उष्णतेची गळतीही होते, म्हणून पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपास निम्मा भरे. एकाच यंत्राच्या दोन क्षमता झाल्याने वाद होणारच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकी अभियंत्यांनी वितळण्याचा टन प्रमाण मानला. त्याचेही मूल्य जुन्या पुस्तकांत दिवसाला 2,84,000 ब्रिटिश औष्णिक एकके असे आढळते. बर्फाची सुप्त उष्णता (वितळताना शोषली जाणारी) पौंडामागे 142 ऐवजी 144 धरल्यावर ते 2,88,000 झाले. ताशी हिशेबाने ती 12,000 एकके, म्हणजेच 3,024 किलोकॅलरी किंवा 3.517 किलोवॅट. हजार किलोंचा मेट्रिक टन घेतला असता, तर आकडा सुमारे 3.86 किलोवॅट आला असता. भारतात या एककाला ‘टीआर’ (टन ऑफ रेफ्रिजरेशन) म्हणतात आणि तोंडी हिशेबात 3,000 किलोकॅलरी धरून भागतात.

लहान चिलर बाजारात ‘पाच एचपीचा’, ‘दहा एचपीचा’ असे विकले जातात. तो आकडा कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या भागाच्या) मोटरचा असतो, थंडीचा नव्हे. टनाचा आकडादेखील तापमानावाचून अपुरा आहे. 7° से. चे पाणी देताना 10 टन काम करणारे यंत्र उणे 5° से. चे ग्लायकॉल देताना साधारण दोन तृतीयांशांवर येते. म्हणून कोटेशनमध्ये टनाशेजारी पाणी बाहेर पडतानाचे तापमान आणि भोवतालचे तापमान छापलेले नसेल, तर दोन कोटेशनांची तुलना करण्यात अर्थ नाही.

भार काढणे : यंत्र आधीच चालू असेल, तर भार मोजणे सोपे असते. परतीच्या पाइपाखाली ज्ञात मापाचे पिंप धरून ते किती सेकंदांत भरते ते पाहावे आणि येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याचे तापमान एकाच थर्मामीटरने घ्यावे. दोन थर्मामीटरांत अर्ध्या अंशाचा फरक असला, तरी उत्तर बिघडते. ताशी 6,000 लिटर पाणी 5° से. ने तापत असेल, तर भार 30,000 किलोकॅलरी, म्हणजे जवळपास 10 टन. मोजमाप पूर्ण उत्पादन चालू असताना घ्यावे. त्यावर पंपाची उष्णता आणि थोडी राखीव क्षमता धरतात; पण दुप्पट मोठा चिलर घेतला, तर तो सारखा बंद-चालू होत राहतो व कॉम्प्रेसर लवकर झिजतो.

पाणी हवे त्यापेक्षा थंड मागणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाण्याचे तापमान 1° से. ने वाढवल्यास विजेत ढोबळमानाने 3 टक्के बचत होते. पावसाळ्यात 10° से. चे पाणी साच्यातून फिरवले की साच्याच्या तोंडावर दव धरते, ऑपरेटर फडक्याने पुसत बसतो आणि पुढच्या नगावर पाण्याचे चट्टे येतात. प्रक्रियेला 35° से. चे पाणी चालत असेल, तर चिलर घेऊच नये. कूलिंग टॉवर (थोडे पाणी वाफ होऊ देऊन उरलेले थंड करणारा मनोरा) पुरतो.

हवा की पाणी : कंडेन्सर (काढलेली उष्णता बाहेर टाकणारा भाग) हवेने थंड करायचा की पाण्याने, हा प्रश्न प्रदेश पाहून सोडवावा लागतो. हवेवरच्या चिलरची छापील क्षमता बहुधा 35° से. च्या हवेसाठी असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो आणि पत्र्याच्या छपरावर त्याहून वर. अशा वेळी क्षमता घटते आणि गॅसचा दाब फार वाढल्याने (हाय प्रेशरवर) यंत्र आपोआप बंद पडते, म्हणजे ट्रिप होते. कूलिंग टॉवरचे पाणी मात्र हवेच्या आर्द्र तापमानाच्या (थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून मोजलेल्या) 3 ते 4 अंश वर इतपत थंड होते. विदर्भाची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने तेथे टॉवर उत्तम चालतो, तर मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत त्याचा फायदा कमी होतो. गैरसोय अशी, की जेथे टॉवर चांगला चालतो तेथेच उन्हाळ्यात पाणी नसते. 100 टनांच्या भाराला टॉवरमधून ताशी सुमारे 650 लिटर पाणी वाफ होऊन जाते. क्षार साठू नयेत म्हणून सोडावे लागणारे पाणी निराळे. विजेच्या दृष्टीने पाण्यावरचे मोठे स्क्रू (मळसूत्री कॉम्प्रेसरचे) चिलर टनामागे 0.6 ते 0.75 किलोवॅट घेतात, तर हवेवरचे बहुधा 1 किलोवॅटच्या पुढे. बोअरचे जड (क्षारयुक्त) पाणी बिनशुद्धीचे वापरले, तर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि हा फरक काही महिन्यांत बराचसा पुसला जातो.

कॉम्प्रेसर : लहान यंत्रांत स्क्रोल (दोन सर्पिल भागांत गॅस दाबणारा), मध्यम ते मोठ्यांत स्क्रू, त्याहून मोठ्यांत अपकेंद्री. भार कमी-जास्त होत असेल, तर एका मोठ्या कॉम्प्रेसरपेक्षा दोन स्वतंत्र सर्किटे बरी. एक बंद पडले तरी लाइन थांबत नाही.

प्रशीतक द्रव्ये : ओझोनच्या थराला घातक द्रव्यांवर 1987 च्या माँट्रियल कराराने निर्बंध आणले, तापमानवाढ करणारी एचएफसी (हायड्रोफ्लुओरोकार्बन) द्रव्ये 2016 च्या किगाली दुरुस्तीत आली. आर-22 (ओझोनला घातक जुना गॅस) भारतातून 2030 पर्यंत जवळपास पूर्णपणे हद्दपार व्हायचे आहे, त्यामुळे जुना चिलर घेताना नावपट्टीवरचा गॅस आधी वाचावा. अमोनियाला हे निर्बंध लागू नाहीत; दुग्धालये व बर्फाचे कारखाने तो वापरत आले आहेत. मात्र तो विषारी असून तांब्याला खातो, म्हणून त्याची पाइपलाइन पोलादाची असते.

शोषण चिलर : कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा हा चिलर वाफ किंवा वाया जाणारी उष्णता उपलब्ध असेल तेथे वापरतात. लिथियम ब्रोमाइड व पाणी ही जोडी त्यात वापरतात. पाणी हेच प्रशीतक असल्याने शून्याखाली जाता येत नाही. पुण्यातील थरमॅक्स हे चिलर बनवते.