डार्विन, फिंच आणि गालापागोसची एक जुनी थाप

आमच्या म्हापशाचा एक शेजारी बोटीवर असतो. सुट्टीत तो इक्वेडोरपासून सुमारे १००० किलोमीटरवरच्या गालापागोस बेटांवर जाऊन आला. बाल्कांवात बसून त्याने आम्हाला तीच गोष्ट ऐकवली, जी आपण शाळेपासून ऐकतो: डार्विनने तिथे फिंच पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि जागच्या जागी त्याला उत्क्रांती सुचली.

तसं काही झालं नाही. १८३५ साली डार्विन तिथे जेमतेम पाच आठवडे होता आणि उतरला चारच बेटांवर. फिंच त्याला ओळखताही आले नाहीत; काहींना तो भलतेच पक्षी समजला. कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, हेही बहुतेकांच्या चिठ्ठीवर लिहिलं नाही. (आपल्या घरातल्या मसाल्याच्या बरण्यांसारखं!) तिथल्या एका अधिकाऱ्याने सांगितलं होतं की कासव बघून मी त्याचं बेट सांगतो. पण बोटीवर घेतलेली कासवं खलाशांनी खाल्ली आणि त्यांची कवचं समुद्रात टाकली.

डार्विनला खटकले ते मॉकिंगबर्ड नावाचे पक्षी, कारण ते बेटागणिक वेगळे दिसत होते. फिंचचा उलगडा १८३७ मध्ये लंडनला झाला. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने नमुने तपासून हे सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक असल्याचं सांगितलं. सिद्धांताचं पुस्तक आलं थेट १८५९ मध्ये.

शेजाऱ्याला हे सांगितलं, तर म्हणाला, “मग तिथले दुकानदार टी-शर्टवर चोचीच का छापतात?”