परळपासून परळपर्यंत

मावशीच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात दर रविवारच्या चौकटीत लाल पेनाने ‘मे’ लिहिलेलं असतं आणि दर मंगळवारी निळ्या पेनाने ‘फो’. तिला आमवात आहे. ‘मे’ म्हणजे मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. ‘फो’ म्हणजे फोलिक अ‍ॅसिड. तीस वर्षं बँकेत खाती जुळवलेली बाई; न जुळणारी नोंद तिला सहन होत नाही. दिवाळीत फराळाचं ताट पुढे सरकवत तिने मला धरलंच. “पाकिटातला कागद वाचला मी. रविवारची गोळी फोलिकचं काम अडवते म्हणे. मग मंगळवारी परत फोलिकच कशाला देतात? एका हाताने कुलूप लावायचं आणि दुसऱ्या हाताने उघडायचं, हा कुठला हिशेब?”

प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर थेट देता येईना, कारण ते सुरू होतं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, परळमध्ये.

1928 मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायका रक्तक्षयाने का मरतात, हे शोधायचं काम तिच्याकडे होतं. मुक्काम बहुतेक हाफकिन संस्थेत. आजार गरीब घरांत जास्त होता, कापड गिरण्यांमध्ये राबणाऱ्या बायकांमध्ये विशेष. त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका रक्तक्षयावर, पर्निशियस अ‍ॅनिमियावर, यकृताचा अर्क चालतो हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. विल्सबाईंनी तोच शुद्ध केलेला अर्क दिला. उपयोग शून्य.

मग त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. कोण काय खातं आणि कोणाला रक्तक्षय होतो, याची सांगड घातली. शहरातल्या गरीब मुसलमान बायकांचा आहार सर्वांत निकस आणि रक्तक्षयही त्यांच्यातच सर्वांत जास्त. तोच आहार उंदरांना दिला, तेही आजारी पडले. पण उंदरांना उवा झाल्या, उवांमधून वेगळाच संसर्ग आला आणि प्रयोगाचा विचका झाला. प्रयोगशाळेत असं होतं, फक्त लेखांमध्ये ते फारसं येत नाही. मग माकडांवर प्रयोग झाले. त्यातून जे औषध हाती लागलं ते कुठल्याही वैद्याच्या कपाटात नव्हतं, साहेबाच्या न्याहारीच्या टेबलावर होतं: मार्माइट. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळा, चिकट, खारट लगदा, टोस्टला लावून खायचा. चवीबद्दल न बोललेलं बरं. पण तो पोटात गेला आणि रक्त भरून येऊ लागलं, माकडांचंही आणि बायकांचंही. 1931 मध्ये विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये आहे ते नेमकं काय, हे त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून लोक त्याला नुसतं ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

1941 मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक उकळून, गाळून त्यातून असाच एक पदार्थ वेगळा काढला. पान म्हणजे लॅटिनमध्ये ‘फोलियम’, म्हणून नाव पडलं फोलिक अ‍ॅसिड.

आता या पदार्थाचं शरीरात काम काय? हमालाचं. आणि ओझंही केवढं, तर कार्बनचा एक अणू. शरीरात फोलेट नावाचा हा हमाल एकेक कार्बन उचलतो आणि हवा तिथे नेऊन टाकतो. सर्वांत महत्त्वाचा माल पोचतो डीएनएच्या कारखान्यात. डीएनएची चार अक्षरं असतात, त्यातलं एक थायमिन. आरएनएमधल्या युरॅसिल या अक्षरावर कार्बनचा एक छोटा गट चढवला की थायमिन तयार होतं. तो कार्बन फोलेट आणतो.

एका पेशीच्या दोन व्हायच्या तर सहाशे कोटी जोड्यांचा डीएनए नव्याने लिहावा लागतो. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या वर तांबड्या पेशी तयार होतात. फोलेट कमी पडलं की या कारखान्यात बाकी सगळं सुरू राहतं, प्रथिनं बनतात, पेशी वाढते, फुगते; पण डीएनएची प्रत पुरी होत नाही म्हणून तिची विभागणी अडून बसते. विल्सबाईंना दिसलेल्या त्या मोठमोठ्या पेशी म्हणजे विभागणीच्या उंबरठ्यावर अडलेल्या मज्जापेशींची संतती. गरोदर बाईच्या पोटात तर आणखी एक अख्खं शरीर पेशी दुप्पट करत असतं. तिला फोलेट आधी कमी पडणार, हे उघड आहे. आजही सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाच्या गोळीत 500 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड मिळतं.

इथवर ही जीवनसत्त्वाची गोष्ट आहे. ती कर्करोगाकडे वळवली ती आंध्रातल्या भीमावरमच्या एका माणसाने.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म 1895. तरुणपणी भाऊ संग्रहणीने गेला आणि पुढे त्याच दुखण्याने ते स्वतःही अंथरुणाला खिळले होते. मद्रासला वैद्यकी शिकून ते हार्वर्डला गेले. तिथे सायरस फिस्क यांच्याबरोबर फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत त्यांनी 1925 मध्ये काढली, ती जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुढे पिढ्यानपिढ्या वापरली. स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंवरचं कामही मोठं. तरी हार्वर्डने कायमची नेमणूक दिली नाही. 1940 मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि त्यांच्या चमूने 1945 मध्ये फोलिक अ‍ॅसिड कारखान्यात बनवून दाखवलं. संग्रहणीवर ते चांगलंच लागू पडतं. भाऊ जाऊन तोवर पाव शतक उलटलं होतं.

बोस्टनला लहान मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे मुख्यतः मृत्यूनंतर भेटणारा डॉक्टर. तीव्र ल्युकेमिया झालेली मुलं तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. फार्बर यांनी विचार केला तो अगदी आपण करू तसाच: रक्त बिघडलंय ना, मग रक्त सुधारणारं जीवनसत्त्व द्या. फोलिक अ‍ॅसिडची संयुगं दिली. मुलांच्या मज्जेत ल्युकेमिया दुप्पट जोमाने माजल्याचं त्यांना दिसलं.

दुसरा कोणी असता तर इथे हात टेकले असते. फार्बर यांनी प्रश्न उलटा केला. हा पदार्थ दिला की रोग वाढतो, तर हा पदार्थ तोडला तर? सुब्बाराव यांच्या चमूकडे फोलिक अ‍ॅसिडची तोतया भावंडं तयार होती. त्यातलं एक अमिनोप्टेरिन. मूळ रेणूच्या एका कोपऱ्यातला ऑक्सिजनचा गट काढून तिथे नायट्रोजनचा बसवलेला, बाकी हुबेहूब. डिसेंबर 1947 च्या शेवटच्या आठवड्यात ते पहिल्यांदा एका मुलाला टोचलं. जून 1948 मध्ये निष्कर्ष छापून आले: 16 मुलांपैकी 10 जणांत सुधारणा. सुजलेल्या प्लीहा ओसरल्या, मुलं उठून चालू लागली. सुधारणा टिकली नाही, काही महिन्यांत रोग परतला. पण ल्युकेमिया मागे हटतो, हेच तोवर फारसं कोणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव वारले. वय 53.

तोतया काय करतो ते पाहू. थायमिनसाठी कार्बन देताना हमाल नुसता रिकामा होत नाही, त्याचे दोन हायड्रोजनही जातात. म्हणा ना, चुंबळच फाटते. ती शिवून मिळते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाच्या एन्झाइमकडे. या शिंप्याकडून आल्याशिवाय पुढची खेप नाही. अमिनोप्टेरिन, आणि त्याचं थोडं सुधारलेलं रूप मेथोट्रेक्झेट, या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसतं आणि उठत नाही. खऱ्या गिऱ्हाइकापेक्षा त्याची पकड हजारपटीच्या घरात घट्ट असते. बाहेर फाटक्या चुंबळींची रांग लागते, थायमिन संपतं, डीएनए अर्धवट राहतो आणि पेशी मरते. म्हणजे गिरणीतल्या त्या बायकांच्या मज्जेत उपासमारीने जे झालं, तेच औषधाने मुद्दाम घडवून आणायचं.

1956 मध्ये अमेरिकेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग याच औषधाने बरा केला. नुसत्या औषधाने बरा झालेला गाठीचा हा पहिला कर्करोग.

पण कर्करोगाची पेशीही काही कमी नाही. 1978 मध्ये रॉबर्ट शिम्के आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेथोट्रेक्झेटला दाद न देणाऱ्या पेशींनी त्या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रतींवर प्रती काढून ठेवल्या होत्या. एक शिंपी अडवला? हे घ्या शंभर शिंपी. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत अंगावर येणारा तपशील वाटतो. डॉक्टरांचाही त्यावर डाव आहे: औषध प्रचंड मात्रेत द्यायचं आणि ठरलेल्या तासांनी फोलिनिक अ‍ॅसिड द्यायचं. ही शिवून तयार असलेली चुंबळ, तिला शिंप्याकडे जावंच लागत नाही. निरोगी पेशी त्यावर तगतात.

याच्या बरंच आधीपासून, अगदी वेगळ्या वाटेने, कर्करोगाच्या भुकेबद्दल दुसरी एक गोष्ट कळत आली होती. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग यांना दिसलं की गाठीतल्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात आणि भरपूर ऑक्सिजन असतानाही ते नीट न जाळता लॅक्टिक आम्ल करून सोडून देतात. एका ग्लुकोजमधून तीसएक एटीपी मिळायचे, तिथे दोनच. वारबुर्ग म्हणाले, पेशीची भट्टीच बिघडली असणार आणि त्यातूनच कर्करोग होतो. हे पुढे चुकीचं ठरलं. बऱ्याच गाठींची भट्टी धडधाकट असते. मग ही उधळपट्टी का? कारण दुप्पट व्हायला निघालेल्या पेशीला नुसती आच नको असते, विटाही हव्या असतात. ग्लुकोज पुरतं जाळलं तर कार्बन धुरासारखा निघून जातो. अर्ध्या वाटेवर वळवलं तर त्याच कार्बनचं सेरीन नावाचं अमिनो आम्ल होतं. आणि सेरीन काय करतं? आपला एक कार्बन उचलून फोलेट हमालाच्या डोक्यावर ठेवतं. वारबुर्गची साखर आणि विल्सबाईंचं मार्माइट इथे एका गोदामात भेटतात.

“मग साखर बंद केली तर गाठ मरेल ना?” हा प्रश्न कर्करोगाच्या प्रत्येक घरात येतो. नाही मरत. गोड सोडलं तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज राखतं, मेंदूला ते हवंच असतं. उपाशी राहून आधी झिजतो तो माणूस. मात्र गाठीच्या या खादाडपणाचा उपयोग तिला हुडकायला होतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज टोचतात. पेशी ते आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही. ते तिथेच अडकतं आणि चमकतं. दर 110 मिनिटांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो, म्हणून सगळी घाई. मेंदू, मूत्राशय चमकतातच. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही चमकतात, त्यामुळे नुसता चमकता ठिपका पाहून घाबरू नये, तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

देशातलं पहिलं पेट स्कॅन यंत्र 2002 मध्ये बसलं तेही परळलाच. हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर टाटा स्मारक रुग्णालय आहे, 1941 पासून. बाहेरच्या फुटपाथवर गावोगावची माणसं फायली पोटाशी धरून बसलेली असतात, त्यांत तोंडाला मास्क लावलेली, केस गेलेली पोरं. ल्युकेमियाच्या अशा पोरांना मेथोट्रेक्झेट आजही देतात, गोळीतून, शिरेतून, कण्यातल्या पाण्यात सुई घालून. सोबत बाकीची औषधं असतात, कारण एका औषधाने रोग परततो हे फार्बर यांच्या मुलांनीच दाखवलं. साधनं पुरेशी असलेल्या देशांत आता या आजाराची शंभरातली नव्वदएक मुलं बरी होतात.

एवढं सांगेपर्यंत चकली मऊ पडली होती. “हे झालं कर्करोगाचं,” मावशी म्हणाली. “माझ्या गुडघ्याचं काय?”

तिची मात्रा कर्करोगाच्या मात्रेपुढे चिमूटभर असते. एवढ्या मात्रेत औषध पेशी मारायला जात नाही. सांध्यात ते अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ वाढवतं आणि त्याने सूज शमते, असा आजचा मुख्य समज आहे. मात्र तोंडाची त्वचा, आतडं, मज्जा इथे पेशी रोज बदलत असतात, त्यांना थोडी झळ बसते: तोंड येतं, मळमळतं, यकृत कुरकुरतं. मंगळवारचं फोलिक त्यांच्यासाठी. गुडघ्याचा फायदा त्याने बुडत नाही. धोका एकाच चुकीत आहे. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर मज्जा बंद पडू शकते आणि अशा चुकीने जगभर माणसं दगावली आहेत.

मावशी काही बोलली नाही. नव्या वर्षाचं कॅलेंडर आलेलं होतं, अजून गुंडाळीतच होतं. तिने ते उलगडलं, लाल पेन शोधलं आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी ‘मे’ लिहून त्याखाली ठळक लिहिलं: ‘रोज नाही’. मग फेब्रुवारीचं पान काढलं.