चौकट ओढली, पण पाठवायचं कुठे?

वेबपानं बनवायच्या ड्रीमविव्हर या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती २००० च्या शेवटी आली, तेव्हा तिच्यात 'लेआउट व्ह्यू' नावाची सोय होती. कोऱ्या पानावर माउसने चौकट ओढायची. हवी तिथे, हवी तेवढी. चौकटीला निळी कड यायची आणि तिच्याभोवती हिरव्या कडेचं टेबल आपोआप उभं राहायचं. छपाईची पानं लावणाऱ्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका आणि हँडबिलं लावून तयार झालेला हात इथे लगेच बसायचा. कोड उघडून पाहिला की मात्र डोकं धरायची वेळ. मधोमध ठेवलेल्या एका चौकटीसाठी आजूबाजूला रिकामे रकाने, एकमेकांना जोडलेले रकाने, आणि रुंदी ढळू नये म्हणून एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक जिफ, म्हणजे चित्राची फाइल. त्रेचाळीस बाइटची ही न दिसणारी फाइल ताणून ताणून अख्ख्या साइट्स उभ्या होत्या.

मुळात एचटीएमएलला, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिला, 'मांडणी' हा शब्दच ठाऊक नव्हता. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांच्या कागदपत्रांसाठी ती भाषा घडली: मथळा, परिच्छेद, यादी, दुवा. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरच्या १.१ आवृत्तीत टेबलं दिसू लागली, तीही आकडेवारीसाठी. डिझाइनरांनी त्यांच्या कडा शून्य केल्या आणि त्यात पान बसवलं. गंमत म्हणजे यावरचा खरा उपाय त्याआधीच सुचवला गेला होता. होकोन विउम ली यांनी स्टाइलशीटचा, म्हणजे पानाचं रूप मजकुरापासून वेगळं लिहायचा, प्रस्ताव ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला, डिसेंबर १९९६ मध्ये त्यातून आलेल्या सीएसएस या भाषेची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. पण ब्राउझर ती धड पाळत नव्हते. नेटस्केप ४ वर तर साधी समासाची ओळ लिहितानाही धाकधूक असायची. त्यामुळे पेजमिल, फ्रंटपेज, ड्रीमविव्हर अशी जी साधनं १९९५ ते १९९७ या काळात बाजारात आली, त्यांनी टेबलाचाच आसरा घेतला. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. तेव्हा दुसरं चालणारं काही नव्हतं.

फॉर्मची, म्हणजे वाचकाने भरून पाठवायच्या अर्जाची, गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त रंजक. फॉर्म टेबलापेक्षा जुना आहे. मोझेक या ब्राउझरच्या १९९३ च्या आवृत्तीत तो आला, आणि नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये त्याला जागा मिळाली, तेव्हा टेबल त्या आवृत्तीत नव्हतंच. मजकुराचा रकाना, रेडिओ बटण, चेकबॉक्स, यादी, सबमिट: टॅग तेव्हाचेच, आज तुम्ही रेल्वेचं तिकीट काढता तिथेही तेच.

साधनांची पंचाईत इथेच झाली. मांडणी पानावर संपते, फॉर्म पानावर सुरू होतो. भरलेली माहिती घ्यायला पलीकडे सर्व्हरवर कुणीतरी बसलेलं लागतं. १९९३ पासून हे काम सीजीआयच्या (सर्व्हरने प्रोग्रॅमला माहिती देण्याच्या पद्धतीच्या) वाटेने, बहुधा पर्ल भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमकडून व्हायचं. फ्रंटपेजने त्यावर स्वतःचा तोडगा काढला: सर्व्हरवर त्याची 'एक्स्टेन्शन्स' (जोड-प्रोग्रॅम) बसवली असतील तर फॉर्मचे निकाल विनाकोड साठवता यायचे, होस्टिंगवाल्याकडे ती नसतील तर फॉर्म नुसता शोभेचा. ड्रीमविव्हर फॉर्मभोवती लाल तुटक रेघ काढायचं. रेघेबाहेर रकाना टाकायला गेलात तर 'फॉर्म टॅग जोडू का?' असं विचारायचं, आणि नवशिका दर रकान्याला 'हो' म्हणत सुटला की पानावर पाच वेगळे फॉर्म तयार. सबमिट दाबलं की जायचा त्यातला एकच. रेडिओ बटणांना निरनिराळी नावं दिली तर 'स्त्री' आणि 'पुरुष' दोन्ही एकदम निवडता यायचे. ॲक्शनची, म्हणजे माहिती कुठे पाठवायची त्या पत्त्याची, जागा रिकामी असेल तर तेच पान परत यायचं, आणि माणूस समजायचा की अर्ज गेला.

मराठीची यात आणखी एक भर. तेव्हाच्या बऱ्याच मराठी साइट्सचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं दाखवायचे. रकान्याला तो फाँट लावला की लिहिताना सगळं मराठी दिसे. ईमेलमधून पोचलेलं पत्र मात्र रोमन अक्षरांचा भाजीपाला. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड आल्यावरही पानाचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ नसेल तर 'म'च्या जागी २३५० असा आकडा किंवा नुसती प्रश्नचिन्हं पलीकडे पोचत. दोष फॉर्मवर जाई, चूक पानाच्या वरच्या, एन्कोडिंग सांगणाऱ्या एका मेटा टॅगची असे.

पुढे मांडणीची साधनं दोनदा मुळापासून बदलली. २००३ च्या सुमारास टेबलं सोडून चौकटी डावी-उजवीकडे सरकवणारे सीएसएसचे 'फ्लोट' आले. मग २०१० मध्ये ईथन मारकॉट यांनी मोबाइलच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या पानाची कल्पना मांडली, आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम, सफारी या तिघांत एकाच महिन्यात सीएसएस ग्रिड, म्हणजे पान रांगा आणि खणांत मांडायची सोय, चालू लागलं. ड्रीमविव्हरची ती निळी-हिरवी चौकट जे सोंग आणत होती, ते आता भाषेतच आहे. एक जागा मात्र जुन्या टेबलाने शेवटपर्यंत धरून ठेवली: फॉर्म. डावीकडे 'नाव', उजवीकडे रकाना, अशी दोन खणांची रांग लावायला त्याच्याइतकं सोपं काही नव्हतं.

फॉर्मलाही बदलायचे प्रयत्न झाले. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००३ मध्ये एक्सफॉर्म्स हा फॉर्मचा नवा प्रकार प्रमाणित केला; तो ब्राउझरांत रुजलाच नाही. पुढल्याच वर्षी ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि जुन्याच फॉर्मला डागडुजी करत नेलं. तारखेचा रकाना, ईमेलचा रकाना, 'हे भरणं आवश्यक' ही तंबी, सगळं त्या डागडुजीतून आलं आणि २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये शिरलं. त्याच २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झालं. पण ईमेलच्या रकान्यासाठी एचटीएमएल ५ मध्ये जो साचा ठरला, त्यात @ च्या डावीकडे फक्त इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं बसत होती. देवनागरीत नाव लिहिलं की ब्राउझर पत्ता चुकीचा ठरवायचा.